‘संशोधनात आढळलं’ म्हणजे नेमकं कुणात आढळलं?

पालकांसाठीच्या व्याख्यानांत एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. चार वर्षांच्या मुलाला एका खोलीत बसवलं. समोर बशीत मार्शमेलो, म्हणजे साखरेची मऊ, फुगीर मिठाई ठेवली. “मी जरा बाहेर जाऊन येते. मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. अगदीच राहवलं नाही तर ही घंटी वाजव, मी लगेच येईन, पण मग एकच मिळेल,” असं सांगून ताई बाहेर गेल्या. काही मुलं थांबली, काहींनी लगेच फस्त केलं. पुढे बऱ्याच वर्षांनी चौकशी केली, तर थांबलेली मुलं अभ्यासात सरस निघाली. तात्पर्य: संयम हा यशाचा पाया.

ही गोष्ट व्हॉट्सॲपवरही सतत फिरत असते. ती ऐकून घरोघरी मुलांसमोर चॉकलेट ठेवून परीक्षा घेतल्या जातात, आणि ज्याने अर्ध्या मिनिटात कागद फाडला त्याची आई काळजीत पडते. चार वर्षांच्या पोराच्या भविष्याचा निकाल एका चॉकलेटवर लावणं मला अन्यायाचं वाटतं. मूळ संशोधकांनी असा निकाल कधी दिलाच नव्हता. गोष्ट तोंडोतोंडी पसरताना ‘हे नेमकं कुणात आढळलं?’ एवढा एक प्रश्न मागे राहून गेला. मानसशास्त्रातलं कुठलंही संशोधन समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

त्या खोलीत बसलेली मुलं

हे प्रयोग वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केले. जागा होती अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातली बिंग नर्सरी स्कूल. तिथली बरीचशी मुलं विद्यापीठातल्याच प्राध्यापकांची, कर्मचाऱ्यांची, विद्यार्थ्यांची. खुद्द मिशेल यांच्या मुलीही त्याच शाळेत जात.

मिशेल यांना सुरुवातीला कुणाच्या यशाचं भाकीत करायचं नव्हतं. लहान मूल थांबतं तेव्हा नक्की काय करतं, हे त्यांना पाहायचं होतं. खाऊ झाकून ठेवला की मुलं जास्त वेळ तग धरत. तो डोळ्यांसमोर असला की धीर लवकर सुटे. ‘एखाद्या मजेच्या गोष्टीचा विचार कर’ असं सांगितलं की खाऊ समोर असूनही मूल बराच वेळ थांबू शके. म्हणजे थांबणं हा मुलाचा कायमचा गुण नव्हता. मांडणी बदलली की तेही बदलत होतं. व्याख्यानांत नेमका हा भाग गाळला जातो.

भविष्याचा मुद्दा नंतर आला. घरी जेवताना मिशेल मुलींकडे त्यांच्या जुन्या वर्गमित्रांची चौकशी करत. त्यातून त्यांना शंका आली की तेव्हा थांबलेल्या मुलांचं पुढे बरं चाललेलं दिसतंय. मग पालकांना पत्रं पाठवून रीतसर पाठपुरावा झाला. युइची शोडा आणि फिलिप पीक यांच्यासोबतचा त्यावरचा शोधनिबंध १९९० मध्ये आला. मूळ प्रयोगांत ६०० हून अधिक मुलं होती, पण पाठपुराव्यातले महत्त्वाचे निष्कर्ष ज्यांवर उभे होते ती मुलं, विश्लेषणागणिक, ३५ ते ८९ एवढीच. पुढच्या परीक्षेतल्या गुणांशी ठळक संबंध दिसला तोही एकाच प्रकारात: खाऊ समोर उघडा ठेवलेला आणि थांबण्याची कुठलीही युक्ती सांगितलेली नाही. नमुना लहान असल्यामुळे हा संबंध प्रत्यक्षाहून मोठा दिसत असण्याची शक्यता आहे, असा इशारा लेखकांनी त्याच निबंधात दिला होता. गोष्ट जगभर गेली, इशारा निबंधातच राहिला.

नमुना म्हणजे काय?

ज्या सगळ्यांबद्दल आपल्याला बोलायचं आहे तो अख्खा समूह म्हणजे समष्टी, आणि त्यांतल्या ज्यांना प्रत्यक्ष तपासलं ते म्हणजे नमुना. ‘चार वर्षांची मुलं अशी वागतात’ म्हणताना समष्टी जगभरातल्या मुलांची असते आणि नमुना एका विद्यापीठाच्या आवारातला.

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो आणि ती बरोबर येते, कारण तांदूळ एकाच पोत्यातला असतो, पाणी एकच असतं, आच सगळीकडे सारखी लागलेली असते. तळाला करपलेल्या आणि वर कच्च्या राहिलेल्या भाताला ही परीक्षा लागू पडत नाही. तिथे वरचं शीत वरच्याच भाताबद्दल सांगणार. माणसांच्या समाजात सगळ्यांना सारखी आच कधीच लागलेली नसते. उत्पन्न, शिक्षण, जात, गाव-शहर, वय यांनी माणसामाणसांत फरक पडलेला असतो. म्हणून शीत कुठून उचललं, याला इथे एवढं महत्त्व.

यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे यादृच्छिक निवड. समष्टीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची संधी असते, ती संधी किती हे आधी ठाऊक असतं आणि निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते. इथे एक गैरसमज फार दिसतो. दुपारी बारा वाजता एसटी स्टँडवर उभं राहून भेटेल त्याला प्रश्न विचारले, तर ती यादृच्छिक निवड होत नाही. त्या वेळी स्टँडवर असलेली आणि थांबायला तयार असलेली माणसंच त्यात येतात. शेतावर गेलेला, कारखान्यात पाळीवर असलेली, घरी आजारी सासऱ्यांपाशी बसलेली, यांना संधीच मिळालेली नसते. खऱ्या यादृच्छिक निवडीला आधी यादी लागते, मतदारांची, घरांची किंवा पटावरच्या मुलांची, आणि मग त्या यादीतून चिठ्ठी. समाजात ठळक थर असतील तर प्रत्येक थरातून वेगळ्या चिठ्ठ्या काढतात.

मानसशास्त्रात सर्वांत जास्त वापरला जातो तो मात्र सोयीचा नमुना: जे हाताशी आहेत ते. अमेरिकेत वर्षानुवर्षं मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून प्रयोगांत बसत आले. आपल्याकडे एम.ए.चा प्रबंध करणारी विद्यार्थिनी गूगल फॉर्म बनवते, वर्गाच्या ग्रुपवर टाकते आणि ‘कृपया भरा, दोनच मिनिटं लागतील’ अशी विनंती करते. तिच्याकडे ना वेळ असतो ना पैसा, त्यामुळे तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या फॉर्मवरून ‘आजच्या तरुणाईतला ताण’ असं शीर्षक दिलं की गडबड सुरू होते.

“पण लाखो लोकांना विचारलं असेल तर?”

तरीही फसता येतं. याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मानसशास्त्राच्या बाहेरचं आहे. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या. २३ लाखांच्या आसपास परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने जाहीर केलं की आल्फ्रेड लँडन जिंकणार. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. त्याहून कितीतरी लहान नमुना घेतलेल्या जॉर्ज गॅलप यांनी विजेता बरोबर सांगितला होता. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार असलेला माणूस म्हणजे खाऊनपिऊन सुखी माणूस. शिवाय मतपत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणाऱ्यांत रूझवेल्टविरोधक जास्त होते.

चूक दोन प्रकारची असते. एक योगायोगाची. यादृच्छिक निवडीत ती नमुना वाढवला की कमी होते: एक हजार लोक नीट निवडले तर टक्केवारीत साधारण तीन टक्क्यांची इकडेतिकडे, चार हजार निवडले तर दीडची. गंमत म्हणजे समष्टी एका जिल्ह्याची असो की अख्ख्या देशाची, या हिशोबात जवळपास फरक पडत नाही. दुसरी चूक एकाच बाजूला झुकलेली असते. ती आकडा वाढवून जात नाही, उलट मोठ्या आकड्याच्या भपक्यात लपते.

या दुसऱ्या चुकीवर एका मराठी माणसाने मोलाचं काम करून ठेवलं आहे आणि ते आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, साताऱ्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी. पिकाच्या उत्पादनाचा अंदाज घ्यायला शेतात छोटा तुकडा आखून तेवढीच कापणी करतात आणि त्यावरून एकरी उतारा काढतात. तुकडा फार लहान असला की उतारा फुगतो, हे सुखात्म्यांनी दाखवून दिलं. आखलेल्या रेषेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात नकळत आत धरण्याकडे जातो. तुकडा जितका लहान तितका त्यात कडेचा वाटा जास्त, म्हणजे ही चूकही जास्त. असे हजार तुकडे कापले तरी चूक त्याच बाजूला राहणार. १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचं हे निरीक्षण प्रसिद्ध झालं. माणसांच्या सर्वेक्षणातही ‘हा धरायचा की नाही’ अशी रेषेवरची रोपं असतातच: अर्धवट भरलेला फॉर्म, दार न उघडणारं घर, ‘नंतर या’ म्हणणारा माणूस.

“मग २८ मुलांवरचा प्रयोग कसा चालतो?”

वरचं सगळं वाचून हा प्रश्न पडायलाच हवा. सर्वेक्षण आणि प्रयोग यांची कामं वेगळी आहेत. ‘किती जण असे आहेत?’ याचं उत्तर सर्वेक्षण देतं. ‘यामुळे ते होतं का?’ हे तपासायला प्रयोग लागतो. प्रयोगातल्या माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडतात. त्यामुळे हुशारी, स्वभाव, घरची परिस्थिती हे सगळं दोन्ही गटांत साधारण सारखं विभागलं जातं. मग एकाच गोष्टीत फरक करायचा आणि परिणाम पाहायचा. नमुना निवडताना टाकलेली चिठ्ठी आणि गट पाडताना टाकलेली चिठ्ठी, या दोहोंची गल्लत बातम्यांत फार होते.

सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा, अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं. आधी चित्रकलेचा खेळ. मुलाला वापरून झिजलेले रंगखडू दिले आणि सांगितलं, थोडं थांबलास तर यापेक्षा छान सामान आणून देते. एका गटात ताई खरंच छान सामान घेऊन आल्या. दुसऱ्या गटात रिकाम्या हाताने परतून म्हणाल्या, माफ कर, माझी चूक झाली, दुसरं सामान नाहीच आहे. नंतर स्टिकरच्या बाबतीतही पुन्हा तेच. मग समोर मार्शमेलो ठेवला, आणि सांगितलं, पंधरा मिनिटं थांबलास तर दुसरा मिळेल.

शब्द पाळला गेला होता त्या गटातल्या १४ पैकी ९ मुलांनी पूर्ण पंधरा मिनिटं काढली. शब्द मोडला गेला होता त्या गटात तेवढं थांबलं ते एकच मूल. सरासरी पहिल्या गटाची बारा मिनिटांची, दुसऱ्याची तीन. दिलेला शब्द मोडला जातो हे नुकतंच अनुभवलेल्या मुलाने हातातलं खाऊन टाकणं, याला मी तरी शहाणपणच म्हणेन. ज्या घरात ‘उद्या आणू’ म्हटलेली वस्तू पैशांअभावी येतच नाही, तिथलं मूल काय शिकत असेल?

एवढ्या छोट्या नमुन्यावरून ‘जगातली किती टक्के मुलं थांबतात’ हे मात्र सांगता येणार नाही. भरवसा बदलला की थांबणंही बदलू शकतं, एवढं हा प्रयोग सांगतो.

घर आणि धीर

२०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी जुना पाठपुरावा मोठ्या नमुन्यावर पुन्हा केला. अमेरिकेतल्या अनेक ठिकाणची ९१८ मुलं त्यात होती, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या आयांनी महाविद्यालयीन पदवी घेतलेली नव्हती. चौथ्या वर्षी थांबणं आणि पंधराव्या वर्षीची अभ्यासातली प्रगती यांचा संबंध दिसला, पण जुन्या अभ्यासाच्या मानाने निम्मा. मग घरची परिस्थिती आणि मुलाची लहानपणची बौद्धिक क्षमता हिशोबात घेतल्यावर तोही दोन तृतीयांशाने घटला.

दोन गोष्टी सोबत आढळणं म्हणजे सहसंबंध. त्यामागे तिसरं काही असू शकतं. इथे ज्या घराने थांबणं सोपं केलं, त्याच घराने अभ्यासही सोपा केला असण्याचा संभव मोठा आहे. बिंग शाळेत बहुतेक घरं एकसारखीच, त्यामुळे घराचा वाटा तिथे दिसणं अवघडच होतं.

“अमेरिकेतली मुलं काय, आपली काय, फरक कितीसा?”

जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये मानसशास्त्रातल्या सहा आघाडीच्या अमेरिकन नियतकालिकांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या अभ्यासांमधले ९६ टक्के नमुने पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते. त्या देशांत जगाची लोकसंख्या जेमतेम १२ टक्के. दोनच वर्षांनी जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अनेक बाबतींत हा गट जगातल्या बाकी लोकांच्या मानाने टोकाला आहे. म्हणजे सगळ्या मानवजातीच्या वतीने बोलायला आपण नेमकी अपवादात्मक माणसं निवडत आलो.

मार्शमेलोचा प्रयोग पश्चिम कॅमेरूनमधल्या न्सो समाजाच्या मुलांवर झाला तेव्हा खाऊ स्थानिक तळलेल्या गोळ्यांचा ठेवला होता. सुमारे ७० टक्के मुलं शेवटपर्यंत थांबली. त्याच अभ्यासातल्या जर्मन मुलांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली होतं. न्सो मुलं शेतीवाडी करणाऱ्या घरांतली, मोठ्यांचं ऐकणं हा तिथल्या वाढवण्याचा भाग. ‘संयम’ म्हणून आपण जे मोजतो ते तिथे थोडंफार आज्ञापालनही असेल.

भारतातला एक अभ्यास मला या संदर्भात फार मोलाचा वाटतो. जोन मिलर यांनी शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांना विचारलं: ओळखीतल्या कुणी केलेली एखादी चांगली किंवा वाईट गोष्ट सांगा, आणि त्याने तसं का केलं तेही सांगा. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अमेरिकन प्रौढ लोक स्वभावाकडे जास्त बोट दाखवत होते, म्हैसूरचे लोक परिस्थितीकडे आणि नात्यांकडे. लहान मुलांमध्ये मात्र हा फरक फारसा नव्हता. तो वयासोबत वाढत गेलेला दिसला. माणसाच्या वागण्याचं कारण स्वभावात शोधणं ही सगळ्यांची उपजत सवय असावी, असं शिकागोतल्या प्रौढांपुरतं पाहिलं असतं तर सहज वाटलं असतं.

महाराष्ट्राचा आकडा कुठे आहे?

मानसिक आरोग्यावरच्या मराठी बातमीत ‘दर दहा भारतीयांमागे एकाला मानसिक विकार’ अशा अर्थाचं वाक्य बऱ्याचदा येतं. त्याचा उगम बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आहे. काम पद्धतशीर होतं. राज्यं, मग जिल्हे, मग तालुके, मग गावं-वॉर्ड, मग घरं, अशी पायरीपायरीने निवड झाली आणि प्रशिक्षित लोकांनी घरी जाऊन मुलाखती घेतल्या. सुमारे ३४,८०० प्रौढांमध्ये, सर्वेक्षणाच्या काळात कुठला ना कुठला विकार असलेल्यांचं प्रमाण १०.६ टक्के आलं.

हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. पंजाब, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, आसाम, मणिपूर, गुजरात, केरळ, तमिळनाडू. यादीत महाराष्ट्र नाही, गोवाही नाही. देशाचा ढोबळ अंदाज म्हणून १०.६ हा आकडा वापरता येतो, पण तो ‘महाराष्ट्रातलं प्रमाण’ म्हणून छापणं चूक आहे. मुंबईच्या लोकलमधून रोज तीन तास प्रवास करणारा कारकून आणि विदर्भातला कर्जात बुडालेला कापूस उत्पादक, दोघांपैकी एकाकडेही या सर्वेक्षणाचा माणूस गेला नव्हता.

विचारण्याची रीतही निकाल बदलते. खोली एकच, सासूबाई शेजारी बसलेल्या, अशा वेळी ‘तुम्हाला हल्ली खूप उदास वाटतं का?’ या प्रश्नाला सून काय उत्तर देणार? एकटीला विचारता येणं, तिच्या बोलीत विचारता येणं, हेही संशोधन पद्धतीतच मोडतं.

“म्हणजे मानसशास्त्र खोटंच की!”

२०१५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक मोठा प्रकल्प प्रसिद्ध झाला. मानसशास्त्रातले १०० अभ्यास वेगवेगळ्या गटांनी पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांनी सांख्यिकीच्या निकषावर टिकणारा परिणाम सांगितला होता. पुन्हा केल्यावर असा परिणाम ३६ टक्क्यांतच मिळाला. हा आकडा पुढे करून अख्ख्या विषयाला मोडीत काढणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. ही तपासणी मानसशास्त्रज्ञांनीच हाती घेतली आणि आपल्याच घरातली पडझड जगासमोर मांडली. त्यानंतर काय तपासणार हे आधीच नोंदवून ठेवणं, कच्चा डेटा खुला करणं, नमुने मोठे घेणं या गोष्टी वाढल्या आहेत. जडीबुटी विकणारा स्वतःच्या शंभर दाव्यांची अशी फेरतपासणी कधी करत नाही.

“इतकं सगळं सामान्य वाचकाने कुठे तपासायचं?”

बहुतेक शोधनिबंधांचा गोषवारा इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. त्यात किंवा ‘पद्धती’ या भागात सहभागी कोण होते, किती होते, कुठले होते, कसे निवडले, हे लिहिलेलं असतं. सहभागींचं वर्णन आणि निबंधाचं शीर्षक शेजारी ठेवून वाचावं. शीर्षकात ‘माणसं’ आणि वर्णनात ‘एका विद्यापीठातले १२० विद्यार्थी’ असतील, तर मधली उडी किती मोठी आहे ते तिथेच दिसतं. बातमीत हे वर्णन दिलेलंच नसेल तर ती अर्धीच बातमी आहे.

ही उडी लेखकांनीच मोजून द्यावी, असा प्रस्ताव २०१७ मध्ये तीन मानसशास्त्रज्ञांनी मांडला: आपला निष्कर्ष कोणत्या लोकांना लागू व्हावा असं आपल्याला वाटतं आणि का, हे प्रत्येक शोधनिबंधात स्पष्ट लिहावं. त्या तिघांपैकी एक होते युइची शोडा, मार्शमेलोवरच्या १९९० च्या त्या निबंधाचे पहिले लेखक.